आधी कोणतं बटण?

"अण्णा, पूर्वाला आणायच्या आधी किराणा घ्या. किराण्याला जायच्या आधी शेगडी बंद करा," असं सांगून पूर्वाची आई कामाला गेली. दोन्ही वाक्यं अण्णांना, म्हणजे पूर्वाच्या आजोबांना, पाठ होती. तरी त्यांनी आधी पूर्वाला शाळेतून आणलं, मग किराणा घेतला आणि घरी आले, तर स्वयंपाकघरात धूरच धूर! पाठ असून असं कसं झालं?

म्हणून आज इस्पितळातून अगस्ती आला होता. अगस्ती म्हणजे रुग्णांची तपासणी करणारा यंत्रमानव. अण्णांनी घरी राहायचं की देखभाल-केंद्रात, हे तो ठरवणार होता. आजी गेल्यापासून पूर्वाची प्रत्येक दुपार अण्णांबरोबर जायची. ती त्यांच्या खुर्चीला चिकटून उभी राहिली.

अगस्तीच्या छातीवर तीन बटणं होती.

"पिवळं निळ्याच्या आधी. निळं लालच्या आधी. आता क्रमाने दाबा."

अण्णांनी बरोबर दाबली.

"आता निळं पिवळ्याच्या आधी. लाल निळ्याच्या आधी."

अण्णांनी निळं दाबलं, मग पिवळं, शेवटी लाल. चुकलं.

"अहो, सोपं तर होतं!" पूर्वा म्हणाली.

"म्हातारा झालोय गं बये."

"वयामुळे नाही," अगस्ती म्हणाला. "गेल्या वर्षी तुमच्या मेंदूतली गाठ काढली, ती अग्रखंडात (कपाळामागच्या भागात) होती. दोन गोष्टींचं एक नातं लक्षात ठेवणं तुम्हाला जमतं. पण दोन नाती एकदम समोर धरून तिसरं ओळखायचं, म्हणजे संबंध-तर्क (नात्यांची जुळणी) करायचा, तर अग्रखंडाची मोठी मदत लागते. वाक्यं ओळीने आली, की एकामागून एक जोडता येतात. उलटी आली, की मनातल्या मनात त्यांच्या जागा बदलाव्या लागतात. तिथे तुम्ही अडता."

"आणि मनात न बदलता टेबलावर बदलल्या तर?" पूर्वाने विचारलं.

तिने कागदाच्या दोन पट्ट्या कापल्या. आधीचा रंग डावीकडे, नंतरचा उजवीकडे. एकीवर निळं-पिवळं, दुसरीवर लाल-निळं. अण्णा पट्ट्या सरकवत राहिले. निळ्यावर निळं आलं, तसे ते थांबले.

"लाल, निळं, पिवळं! हात्तिच्या!"

"पण ही मदत झाली," अगस्ती म्हणाला.

"डोळे तपासताना चष्मा लावू देता ना? मग ती काय कॉपी असते?" पूर्वा म्हणाली.

अगस्तीचे दिवे बराच वेळ लुकलुकले. मग त्याने आणखी चार कोडी घातली. पट्ट्या अण्णांनी स्वतः लिहिल्या, स्वतः जुळवल्या. चारही बरोबर आली.

"पट्ट्या वापरून घरी राहू शकतात," अगस्तीने अहवाल वाचून दाखवला. "शेगडी मात्र आपोआप बंद होणारी घ्या. सराव चालू ठेवा. मेंदूचे इतर भागही हळूहळू थोडं काम शिकतात. तीन महिन्यांनी पुन्हा पाहू."

तो गेला. अण्णांनी एक कोरी वही ओढली आणि कात्री चालवायला सुरुवात केली. पट्ट्यांचा ढीग वाढतच गेला.

"अण्णा, किती कापताय?"

"तू कॉलेजात जाईपर्यंत पुरायला नकोत?"