शिवलेल्या फटी

बागबाजारातल्या भाड्याच्या घराची लादी थंडीत पायांना चावायची, म्हणून कालिंदी एस्प्लनेडच्या बाजारात जाजम आणायला गेली. एवढंच. साल बाहत्तर. नवरा बँकेच्या तपासणीसाठी आसामात, घरात ती, सासूबाई आणि सहा वर्षांची वृंदा.

फुटपाथवर एका पठाणानं किलीम पसरला होता. सतरंजीसारखा सपाट, दोन्ही अंगांनी सारखाच, लाल-काळ्या नक्षीचा.

"किसने बनाया?" तिनं विचारलं.

"एक औरत ने," तो म्हणाला, आणि घासाघीस न करता गुंडाळून दिला. चांगला माल कुणी असा गळ्यात मारत नाही, हे तिला कळायला हवं होतं. पण स्वस्तात मिळालं की माणूस अक्कल गहाण टाकतो.

घरी लीलाबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, किलीम खिडकीशी धरला. नक्षीत जागोजागी उभ्या फटी होत्या, त्यांतून उजेड आरपार येत होता.

"फाटकं आणलंस. माहेरी असलंच अंथरत होते वाटतं?"

फाटकं नव्हतं ते. अफगाणिस्तानातल्या उझबेक बायका विणताना एक रंग संपला की धागा मागे वळवतात, शेजारून दुसरा चढवतात, फणीनं ठोकून बसवतात. दोन रंगांमध्ये फट राहते. ती त्यांची रीतच. फटींच्या कडा गुळगुळीत आहेत, हे कालिंदीनंही पाहिलं होतं. पण टोमणा जिव्हारी लागला होता. तिनं दाभण आणि पांढरा दोरा घेतला आणि दुपारभर बसून एकूण एक फट शिवून टाकली. दाभण दर टाक्याला अडायचं, पलीकडून कुणी धरल्यासारखं. ती आणखी जोर लावायची. तेव्हाच थांबली असती तर!

संध्याकाळी गल्लीत कोळशाच्या चुली पेटल्या, धूर खाली बसला आणि वीज गेली. वृंदा केसांना खोबरेल चोपडून, कमरेपर्यंतची वेणी मागे टाकून किलीमवर आडवी झाली होती. कालिंदीनं कंदील लावला. खोलीत ओल्या लोकरीचा, आंबट दुधाचा वास भरला होता.

ठप्प... जमिनीतून आवाज आला. थोड्या वेळानं पुन्हा... ठप्प.

"खालचे लोक काहीतरी कुटतायत," लीलाबाई कुजबुजल्या.

"आई... खालची खोली दुर्गापूजेपासून बंद आहे."

तेवढ्यात वृंदाच्या घशातून घरघर निघाली. या पोरीला कधी साधी सर्दी टिकली नव्हती. तोंड उघडं, डोळे विस्फारलेले, छाती हलत नव्हती. कालिंदीनं उचलायला हात घातले, तर पोर किलीमवरून सुटेना.

"आई... हिचा श्वास..." ती सासूबाईंकडे वळून ओरडली.

कालिंदीची नजर टाक्यांवर गेली. पांढरे टाके ताणले जात होते, सैल पडत होते, पुन्हा ताणले जात होते. फटींच्या आत कुणीतरी श्वासासाठी धडपडत होतं, आणि आपला मिळेना म्हणून पोरीचा ओढून घेत होतं.

तिनं कात्री घेतली. एक टाका तुटला, वृंदाला एक श्वास मिळाला. कालिंदी रडत, देवाचा धावा करत टाके कापत सुटली. शेवटच्या फटीशी कात्री घसरली आणि वीतभर वीणच कापली गेली. पोर मोकळी झाली. ठोका थांबला. पण विणणारीनं न ठेवलेलं एक भोक आता किलीमला पडलं होतं.

सकाळी ते भोक निम्मं भरलेलं होतं. काळ्याभोर, मऊ विणीनं. लीलाबाईंनी त्यावर बोट फिरवून हुंगलं. खोबरेल! त्यांनी झटकन वळून वृंदाकडे पाहिलं. पोरीची वेणी मानेशी संपत होती.

"जाळ ते," त्या म्हणाल्या. मग स्वतःच थबकल्या. "नको... पोरीचे केस आहेत त्यात."

परक्याच्या हाती लागू नये म्हणून विंचरल्यावरचं गुंतवळसुद्धा जपून टाकणाऱ्या या बायका. त्यांनी ते केस पेटवायचे कसे?

दुपारी कालिंदीनं अंबाडा सोडला. सवाष्णीनं केसांना कात्री लावू नये म्हणणाऱ्या लीलाबाईंनीच वेणी धरली, आणि तिनं ती मुळापासून कापली. किलीमवर ठेवून हात जोडले.

"चूक माझी आहे. हवं ते माझं घे... पोरीला सोड."

खोलीला कुलूप घालून किल्ली तिनं कमरेला खोचली. वृंदाला मांडीवर घेतलं, पदरानं झाकलं, डोक्यावर हात ठेवला, आणि सासू-सून दोघी स्वयंपाकघरात बसून राहिल्या. अंधार पडला. वीज गेली. बंद खोलीतून ठोके सुरू झाले. कालिंदीनं हात काढला नाही.

दिवे आले तेव्हा तिची वेणी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर होती. व्यवस्थित गुंडाळलेली, जशीच्या तशी. कुलूप लागलेलंच होतं.

तिनं पदर बाजूला केला. हात तिथंच होता, पण हाताखाली नुसती गुळगुळीत कातडी लागत होती. वृंदा शांत झोपली होती. तिच्या डोक्यावर एकही केस उरला नव्हता.

लीलाबाईंनी किल्ली घेऊन खोली उघडली, दिवा लावला, किलीमवर वाकून पाहिलं, आणि तोंडात पदर कोंबला.

भोक अजून बोटभर उरलं होतं.