ताठ अनामिका

सकाळचा चहा गार होईपर्यंत उज्ज्वला गिरमकर वळणवाचकासमोर बसून असत. चाकावर भांडं घडवताना त्याच्या आत बोटांच्या रेघा उमटतात. हे यंत्र त्या रेघा वाचायचं, जगभरच्या भांड्यांशी ताडून बघायचं आणि कोणता हात कुणाकडून शिकला ते सांगायचं. बाईंचे गुरू परेरा सर, हे त्यानं पहिल्याच दिवशी अचूक ओळखलं होतं. पण बाईंना हवं होतं पुढचं उत्तर. आपल्याकडून शिकलेला एखादा हात कुठे आहे का?

रोज एकच उत्तर यायचं, नाही.

करावं तसं भरावं! वसईच्या स्टुडिओत त्यांनी शिष्यांना आयुष्यभर बजावलं होतं, माझी नक्कल केलीत तर दारात उभं करणार नाही. मेली कार्टीही अशी आज्ञाधारक, की खरंच कुणी केली नाही. दिवाळीला त्यांच्या शुभेच्छा येत. एरवी घर गप्प असायचं. बाईंना फार एकटं वाटायचं आणि हे एकटेपण आपणच घडवलंय, हे कळत असल्यानं ते जास्तच बोचायचं.

मग एका मंगळवारी पडद्यावर नाव आलं. पालघरचा एक कपबशांचा कारखाना.

बाई तिथे पोचल्या, तर शिष्य नव्हताच. चाकावर वाकलेला एक यांत्रिक हात वाडग्याची भिंत वर ओढत होता.

"तुमचे जुने व्हिडिओ बघून शिकलाय," इंजिनिअर स्वरा कदम ओशाळून म्हणाली. "तुम्हाला विचारायला हवं होतं, मॅडम. पण याची अनामिका वाकतच नाही, त्यात वेळ जातो. तुमच्या बोटाला काही लागलं होतं का?"

बाईंनी हात पुढे केला. अनामिका सहज वाकली.

"मग हे कुठून आलं?"

बाई त्या हाताकडे बघतच राहिल्या. स्वतःला काम करताना त्यांनी असं कधी पाहिलंच नव्हतं.

"परेरा सरांचं बोट तरुणपणी मोडून ताठ झालं होतं," त्या सावकाश म्हणाल्या. "मला वाटलं, भिंत अशीच ओढतात. सर रोज समोर बसून बघायचे गं. एकदाही टोकलं नाही त्यांनी मला."

सरांनी ही नक्कल खपवून घेतली होती, कदाचित त्यांना ती आवडलीही होती.

"राहू दे ना ते बोट तसंच."

"वरून ठरलंय, मॅडम. उद्या दुरुस्ती आहे. माझ्या हातात नाही ते."

बाईंनी कोपऱ्यातलं स्टूल चाकाजवळ ओढलं.

"मग तोवर मी याच्यासमोर बसले, तर चालेल?"