तळपंख

शुक्राच्या ढगांत समुद्र नाही, पण शीड आहे. 'पाणकोळी' या ढगनौकेची कप्तान हेमांगी कुबल हे पृथ्वीवरून आलेल्या प्रत्येक पाहुण्याला सांगायची, आणि पाहुणा भुवया उंचावायचा. आज मात्र कुणाला काही समजावण्याच्या मनःस्थितीत ती नव्हती. तिचा धाकटा भाऊ बाबल समोरच्या पिवळट धुक्यात वाहत चालला होता.

ढगाचे नमुने घ्यायला तो 'टिटवी' या छोट्या फुग्यातून पुढे गेला होता. वारा अचानक चढला आणि टिटवीला नौकेशी बांधणारी दोरी तुटली. टिटवीला एक लहानसा पंखा होता. तो पूर्ण जोरात फिरवूनही बाबल मागे येऊ शकला नव्हता.

हेमांगीने सगळं शीड उघडून त्याचा पाठलाग सुरू केला होता.

"दोरावरचा ताण बघताय ना?" वातशास्त्रज्ञ निशिकांत खरे म्हणाले. एरवी मृदू माणूस, पण आज आवाज चढला होता.

"बघतेय."

दोर म्हणजे नौकेच्या पोटापासून खाली कित्येक किलोमीटर लोंबणारी तार. तिच्या टोकाला तळपंख होता. खरे नव्या लोकांना तो नेहमी त्याच शब्दांत समजावत. वर वारा भयंकर, खाली बराच मंद. तळपंख त्या मंद हवेत रुतून नौकेला मागे ओढतो आणि वरचा वारा शिडाला पुढे ढकलतो. या ओढाताणीतूनच नौकेला हवं तिकडे वळता येतं. दिवसाच्या बाजूला टिकून राहता येतं ते त्याच्याच कृपेने, नाहीतर वारा दोनेक दिवसांत तिला सांजरेषेपलीकडे, अंधारात नेऊन टाकील.

"खालचं टोक तुटलं, तर वरची तार उसळून आपला वायुकोश फाडेल," खरे म्हणाले. "आपण आठ जण आहोत, हेमांगीबाई. शीड आवरा."

"आवरलं तर वेग पडेल आणि तो हातचा जाईल."

"नाही आवरलं तर सगळेच जाऊ."

हेमांगीचे वडील देवगडला होडी चालवत. लाटांच्या माथ्यावर फेस दिसला की ते शीड उतरवायचे. हातातलं काम टाकून, कुणाशी चर्चा न करता. पण इथे फेस दाखवायला लाटा नव्हत्या. ताणाचा काटा तेवढा होता आणि तो तांबड्यात शिरला होता. तिचा हात शीड आवरायच्या खटक्यावर गेला आणि तिथेच थांबला. आईला काय सांगायचं, हा एकच प्रश्न तिच्या डोक्यात घोंघावत होता.

तिने रेडिओ उचलला आणि जवळजवळ किंचाळली, "बाबल! आसस मा रे? वारो किती आसा थंय?"

"कित्याक ओरडतंस गो, ताये?" बाबलचा आवाज इतका निवांत होता की तिला रागच आला. "हंय वारोच नाय. कपातली चाय हलणा नाय."

"गजाली नको! खरां सांग."

"खरांच सांगतंय. वाऱ्याबरोबर चल्लंय, मगे माका वारो कसो लागतलो?"

हेमांगीने रेडिओ खाली ठेवला. काचेबाहेर शीड कर्कश फडफडत होतं, भिंती करकरत होत्या, आणि तिचा भाऊ त्याच वादळात बसून चहा पीत होता.

"खरेसाहेब," ती हळूच म्हणाली, "हे वादळ आपल्यालाच का लागतंय?"

वीस वर्षं जे शिकवलं ते आपण आज विसरलो होतो, हे खऱ्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं.

"तळपंखामुळे," ते म्हणाले. "तो सोडला तर..."

"तर वाराच नाही. मग शीड कशाला आवरायचं?"

"पण सांजरेषा जवळ आलीय, आपण अंधारात जाऊ! बॅटऱ्या एकच दिवस पुरतात."

"शीड आणि सुकाणू चालवून एक दिवस. ती यंत्रं बंद ठेवली तर?"

खऱ्यांनी मनात हिशेब केला. त्यांचे डोळे मोठे झाले. "दोन दिवसांची रात्र निघेल. दुसरा तळपंख कोठारात आहेच. उजेडात आलो की लावू."

हेमांगीने तार वरच्या टोकाशीच सोडली. सुटलेली तार उसळणार कुठे? गुमान खाली गेली. हलकी झालेली नौका वर झेपावली. खऱ्यांनी थोडा वायू सोडून तिला पुन्हा टिटवीच्या उंचीवर आणलं. फडफड मंदावली, करकर थांबली. शुक्रावरच्या त्या हंगामातल्या सर्वांत मोठ्या वादळात पाणकोळीचं शीड दोरीवर वाळत घातलेल्या लुगड्यासारखं लोंबत राहिलं. कुणीतरी हसलं, मग सगळेच हसले. हेमांगीने काचेतून टिटवी शोधली.

टिटवी अजून पुढेच होती. पण आता ती दूर जात नव्हती. दोघांना नेणारा वारा एकच होता, त्यामुळे मधली हवा तळ्याच्या पाण्यासारखी स्थिर झाली होती.

"बाबल, पंखो लाव," हेमांगी रेडिओवर म्हणाली. "आता येवक जमतलां."

मघाशी हरलेला तो इवलासा पंखा घरघरू लागला. नौका सांजरेषा ओलांडून काळोखात शिरली, तेव्हा टिटवी तिच्या पोटाशी येऊन चिकटली.

बाबल आत आला. शिरस्त्राण काढून त्याने आधी काचेबाहेर पाहिलं.

"एवढां वादळ नि शीड उघडांच? बाबांनी बघल्यानी असतां तर तुका होडीत पाय ठेवक दिलां नसतां."

हेमांगीने त्याच्या पाठीत एक गुद्दा घातला, आणि मग त्याला इतकं घट्ट धरलं की त्याला बोलता येईना.

मागे खरे वाऱ्याची नोंद घेत उभे होते. शिडाजवळच्या वातमापकाचा काटा तळाला टेकला होता.

"कप्तान, वारा किती म्हणून नोंदवू?"

"दिसतोय तेवढाच. शून्य."

"मगे आता तरी शीड आवरूक होयां मा?" बाबलने विचारलं.

"रवांदे," हेमांगी डोळे पुसत म्हणाली. "तू आधी जेव."