माँट्रियल रिव्हरचा उतार

टॉलीसाहेबांचं नाव निघालं की मी आता डोक्यावरची टोपी काढते. पूर्वी शिवी द्यायचे. या रस्त्यावरचे सगळेच ड्रायव्हर द्यायचे.

फेब्रुवारीतली दुपार होती. उत्तर कॅनडातल्या वावा गावच्या हॉटेलात मी वाटाण्याचं सूप पीत बसले होते. समोर रेआल, हर्स्ट गावचा फ्रेंच बोलणारा, माझ्याच कंपनीत बरीच वर्षं गाडी चालवणारा. त्याचे कायद्यानं ठरलेले गाडी चालवायचे तास संपले होते. तास मोजणारं यंत्र गाडीतच बसवलेलं, त्यामुळे लबाडीला जागा नाही. म्हणून त्याचा कागदाच्या रिळांनी भरलेला ट्रेलर मी माझ्या ट्रकला जोडून सू शहरात पोचवायचा होता. एवढंच काम.

"गाडी ताशी एकशेपाचच्या पुढे पळू देत नाहीत, आणि वर तास संपले की झोपा म्हणे," रेआल कुरकुरला. "लेम्पी, आपण ड्रायव्हर की शाळेतली पोरं?"

"टॉलीला विचार."

"तो कसला सांगतोय! पुरला त्याला शरदातच." रेआल खदखदून हसला. "वर स्वर्गाच्या फाटकावर बसून देवदूतांचे पंख मोजत असेल. वजन जास्त म्हणून परत पाठवत असेल बिचाऱ्यांना."

मीही हसले. यूअर्ट टॉली सरकारी तपासनीस होते. वजनकाट्यावर ट्रक थांबवायचे, आणि थंडी असो, चिखल असो, स्वतः गाडीखाली शिरायचे. एकदा त्यांनी एका बंद दिव्यासाठी मला दिवसभर अडकवून ठेवलं होतं.

"ट्रेलर ठीक आहे ना रे?"

"लोण्यासारखा पळतो."

वावा सोडलं तेव्हा आभाळ राखाडी होतं. पुढे रस्त्यालगतच्या समुद्राएवढ्या तळ्याकडून वारा सुटला, बर्फ आडवा उडू लागला. रस्ता, झाडं, आभाळ, सगळं एकाच रंगाचं. वायपरची घरघर तेवढी ऐकू येत होती. माँट्रियल रिव्हरचा मोठा उतार जवळ आला होता. तो थेट तळ्याच्या दिशेनं कोसळतो, आणि तळाला वळण आहे, पूल आहे.

उताराच्या अलीकडे जुना वजनकाटा आहे. टॉलीसाहेब गेल्यापासून बंदच. पण त्या दुपारी बर्फाच्या पडद्याआड त्याची पिवळी पाटी पेटलेली दिसली... सर्व ट्रक आत घ्या.

मी शिवी हासडली, आणि आत वळले. सवय असते हाताला.

आत कोणी नव्हतं. खिडकीत दिवा नव्हता. मी निघणार, तोच उजव्या आरशात पिवळं जाकीट घातलेला एक माणूस दिसला. ट्रेलरच्या कडेकडेनं मागे चालत गेला, वाकला, आणि चाकांमध्ये दिसेनासा झाला.

मग आवाज आला. टक्... टक्... लोखंडावर हातोडी.

"ब्रेक दाबा, बाईसाहेब."

काच बंद होती. वारा किंचाळत होता. तरीही तो आवाज अगदी पायांखालून, स्पष्ट आला. घोगरा, शब्दाशब्दाला थांबणारा. असा आवाज या रस्त्यावर एकाच माणसाचा होता. आणि त्याच्या दफनाला मी स्वतः गेले होते.

केबिनमध्ये ओल्या लोकरीचा आणि खडूच्या भुकटीचा वास भरला. गिअर टाकून निघून जावं, असं मनात आलं. पण खाली माणूस आहे... जिवंत नसला तरी... त्याच्यावरून चाक कसं न्यायचं?

मी ब्रेक दाबला.

"सोडा..."

सोडला.

"पुन्हा..."

पुन्हा दाबला. मग अगदी हळू, जवळजवळ दुःखानं,

"ही गाडी पुढे जाणार नाही, बाईसाहेब."

त्यानंतर फक्त वारा.

शेवटी धीर करून मी टॉर्च घेऊन उतरले. बर्फ गुळगुळीत, पावलाचा एक ठसा नाही. ट्रेलरखाली कोणी नव्हतं. पण ब्रेकच्या दांड्यांवर पांढऱ्या खडूच्या ताज्या रेघा होत्या. ब्रेक दाबल्यावर दांडी किती सरकते ते मोजायला तपासनीस ओढतात, तशा.

कंपनीला फोन लावला. बॅचवाना गावाहून व्हर्नन आला, आमचा मेकॅनिक, इथल्या मूळच्या ओजिब्वे जमातीचा, फार बोलत नाही. गाडीखाली गेला तो बराच वेळ बाहेर आला नाही. आला तो हात पुसतच.

"लेम्पीताई, ट्रेलरचे ब्रेक नुसते नावाला होते. सपाटीवर कळलं नसतं कोणाला. हा उतार उतरली असतीस तर..." पुढचं त्यानं हातानंच दाखवलं, सरळ तळ्याकडे. "खडू कोणी मारला?"

"टॉलीसाहेबांनी."

तो हसला नाही. खिशातून चिमूटभर तंबाखू काढून त्यानं आपल्या लोकांच्या रीतीप्रमाणे बर्फावर ठेवली, पुटपुटून आभार मानले, आणि पुन्हा कामाला लागला.

मी रेआलला फोन केला. सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मी तो ट्रेलर घेऊन पूर्ण वेगानं आलो गं..." आणि रडू लागला.

दुरुस्ती झाली तेव्हा वारा पडला होता. बंद खिडकीपुढे उभी राहून मी मोठ्यानं म्हणाले, "उपकार झाले, साहेब." मग निघाले.

उतारावर गाडी हळू घातली. ब्रेकवर माझा पाय होता. अर्ध्यावर आले, आणि माझ्या बुटावर वरून कुणीतरी पाय ठेवला. जड, सावकाश. मी दाबायचे तेव्हा तो दाबायचा, मी सोडायचे तेव्हा तो सोडायचा. मला भीती वाटायला हवी होती. वाटली नाही. डोळे मात्र भरून आले. पूल ओलांडला तसा तो भार उचलला गेला.

सू शहरापर्यंत हीटर पुरता चालू होता. तिथे उतरताना पाहिलं, उजव्या बुटावर मोठ्या टाचेच्या आकाराचा बर्फ न वितळता तसाच होता.

मी तो झटकला नाही.