आणखी एक फेरी

हसायचं तर खुशाल हसा, पण त्या दुपारी मी फक्त एक स्प्रिंग बदलायला बसलो होतो. माझ्या गेमच्या दुकानात कोपऱ्यात शर्यतीचं जुनं मशीन आहे. बसायला खुर्ची, पायाशी ब्रेक, पडद्यावर उघड्या चाकांची लाल गाडी आणि कधीच न मावळणारी निळी दुपार. नव्या मशीनमध्ये मोटर असते, म्हणून स्टिअरिंग हाताला हिसके देतं. याच्यात मोटर नाही, नुसती स्प्रिंग. तरी असा खेळ पुन्हा झाला नाही, हे मी कुणाशीही भांडून सांगेन.

दादाचा त्याच्यावर जीव होता. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, खऱ्या शर्यतीतला ड्रायव्हर, आणि मी त्याचा मेकॅनिक. तसल्या गाडीत माणूस जवळजवळ आडवा असतो, रस्ता पाठीखाली वीतभर. आमच्या ट्रॅकच्या उताराच्या वळणावर भल्याभल्यांची पाचावर धारण बसायची. दादा मात्र ब्रेकला पायही न लावता बाहेरच्या कडेनं असा जायचा, की बघणारा श्वास घ्यायला विसरायचा. खोड एकच. शर्यत संपली तरी आत यायचा नाही. मी ‘आत ये’चा फलक दाखवून थकायचो आणि तो बोट वर करायचा, आणखी एक फेरी! अशाच एका जादा फेरीत, त्याच वळणावर, तो गेला. त्याची मुलगी तेव्हा पाळण्यात होती.

तीच ही भिंगरी. दुसऱ्या दिवशी त्याच ट्रॅकवर तिची पहिली शर्यत होती. वहिनीनं अबोला धरला होता. शटर अर्धं ओढून मी स्प्रिंग काढली, तेवढ्यात ती येऊन बसलीच.

“काका, चालू करा ना.”

“अगं, स्प्रिंग नाहीये त्यात. नुसतं गरागरा फिरेल.”

तरी केलं चालू. इंजिनाचा आवाज चढत गेला. बंद दुकानात कुठूनसा जळक्या रबराचा वास आला. पडद्यावर तसंच उताराचं वळण आलं आणि तिची कोपरं ताठ झाली.

“काका... हे ओढतंय.”

“काय ओढतंय?”

“स्टिअरिंग. बाहेरच्या कडेला... सोडतच नाहीये.”

स्प्रिंग माझ्या मुठीत होती. गाडी वळणातून निघाली ती थेट दादाच्या वाटेनं. अंगावर काटा आला आणि, खोटं कशाला बोलू, ऊरही भरून आला. बाप लेकीला शिकवतोय, असंच वाटलं मला.

दुसऱ्या दिवशी शर्यतीत, दादाच्या त्या वळणावर आतल्या बाजूला दोन गाड्या एकमेकींवर आदळल्या. भिंगरी बाहेरच्या कडेनं, ब्रेक न लावता, अलगद निघून गेली. सगळे उठून उभे राहिले. पोरगी पहिली आली! मी रडत रडत फलक धरला.

ती आत आली नाही. माझ्यासमोरून सुसाट गेली, पुन्हा त्या वळणाकडे. ती परत दिसेपर्यंत माझ्या जिवात जीव नव्हता.

हेल्मेट काढलं तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“मी आत वळवत होते, काका... वळेचना.”

“आणि उतारावर? तू कुठे शिकलीस तसं?”

“तिथे तर घाबरून मी हातच सोडले होते...”

संध्याकाळी मी दुकान उघडलं, मशीनपाशी जाऊन दादाला हळूच हाक मारली. स्टिअरिंग लुळं होतं. रबराचा वास पार गेला होता.

काल जेवताना मी तिला म्हटलं, “भिंगरी, बास झाल्या आता शर्यती.”

तिनं मान वर न करता बोट वर केलं. मग स्वतःच त्या बोटाकडे बघत राहिली.