खलनायिकेची रजा

“ताई, उद्या तू रजा घेशील का?”

धाकट्या भावानं चहाचा कप बशीत ठेवत विचारलं, आणि ताईच्या हातातली उशी खोळीत अर्धी शिरलेली तशीच राहिली... कित्येक वर्षांनी तो या घरात मुक्कामाला आला होता, आणि आल्या संध्याकाळीच तिच्याकडे एक अख्खा दिवस मागत होता! तिच्या शिणलेल्या अंतःकरणात वात्सल्याचा असा उमाळा दाटून आला की उद्या जेवायला काय करावं इथपर्यंत ती मनानं जाऊन पोचली.

“घेते की. कुठं जायचंय आपल्याला?”

“आपल्याला नाही. मला जायचंय. तुमच्याच कंपनीत.” त्यानं घसा साफ केला. “उद्याची कार्यशाळा माझी आहे. आणि माझी ती गोष्ट सांगावीच लागते, ताई. लोक त्याच्यासाठीच बोलावतात. तू समोर बसलीस तर मला जमायचं नाही.”

भाऊ लाइफ कोच होता. आपल्यात काय दडलंय ते माणसांना आणि कंपन्यांना तो दाखवून देई. माणसांना किरकोळ दरात, कंपन्यांना घाऊक. त्याची ‘ती गोष्ट’ ताईनं मोबाइलवर पाहिली होती. अंथरुणाला खिळलेले वडील, दूरच्या शहरात नोकरी लागलेला कोवळा मुलगा दारात उभा, आणि त्याची थोरली बहीण त्याला म्हणते, “तुझ्याच्यानं काही व्हायचं नाही. पण इथं बसून आमचं खाऊ तरी नकोस.” इथं तो थांबे. पाणी पिई. मग हलक्या आवाजात म्हणे, “त्या बाईचे मी रोज आभार मानतो.” सभागृहात रुमाल निघत.

गोष्ट खरी होती, हेच ताईचं दुःख होतं. ती तसं बोलली होती, शब्दन् शब्द. भरलेली बॅग पुन्हा उघडून “मी नाही जात, दोघं मिळून अप्पांचं करू,” असं म्हणत तो आत आला, तेव्हा तिला लख्ख दिसलं की एका खाटेभोवती आता दोन आयुष्यं संपणार... तिचं लग्न ठरलं होतं, ते तिनं त्याच आठवड्यात मोडलं होतं. (नवरदेव थांबतो म्हणाला, आणि शोभेल इतके दिवस थांबलाही. भावाला हे मागाहून नातेवाइकांकडून कळलं.) एक गेलंच आहे तर दुसरं तरी वाचावं, म्हणून तिनं काळजावर दगड ठेवून ते विषारी वाक्य उच्चारलं. ते इतकं उत्तम लागू पडलं की पुढं त्याचा व्यवसाय झाला.

“रजा मिळायची नाही,” ती म्हणाली. “हजेरी सक्तीची आहे. प्रेरणेला गैरहजर राहिलं तर पगार कापतात.”

“मग निदान ओळख तरी दाखवू नकोस. उद्याचं नीट झालं तर वर्षाचा करार आहे, ताई. हल्ली फार कठीण झालंय. आमच्यासारखे गल्लोगल्ली झालेत.”

“बरं,” ती म्हणाली आणि उशी खोळीत पूर्ण घातली.

कंपनी लिफ्टची होती. लिफ्ट मध्येच बंद पडली की दुरुस्तीवाला पोचेपर्यंत आत अडकलेल्या माणसाशी फोनवर बोलत राहणं, हे ताईचं काम. त्याला धीर देणं असं कुणी म्हणत नसे. तक्रार विभाग म्हणत.

दुसऱ्या दिवशी ती सभागृहात शेवटच्या रांगेत बसली. भावानं गोष्ट सांगितली, थांबला, पाणी प्यायला. शेजारची हिशेबनीस बाई डोळे पुसत कुजबुजली, “असल्या असतात हो काही जणी. दुसऱ्याचं चांगलं झालेलं बघवत नाही.”

“असतात,” ताई म्हणाली.

मग खुर्च्यांचा प्रयोग सुरू झाला. मंचावर समोरासमोर दोन खुर्च्या. एकीत आपण बसायचं, दुसरीत आपल्याला दुखावणारं माणूस बसलंय असं समजून त्याला मनसोक्त बोलून घ्यायचं. नंतर उठून त्याच्या खुर्चीत बसायचं आणि त्याच्या तोंडून, ‘मी’ म्हणून, आपण असं का वागलो ते सांगायचं. मनुष्यबळ विभागाच्या मॅडमनी आपल्या सासूला बरंच सुनावलं, पण सासूच्या खुर्चीत बसायला त्यांना वेळ पुरला नाही. मग लिफ्ट-दुरुस्तीवाला उठला. त्याला सगळे वस्ताद म्हणत. त्यानं बापाला तोंड भरून शिव्या दिल्या, बापाच्या खुर्चीत जाऊन बसला, आणि बऱ्याच वेळानं म्हणाला, “मला पोराची भीती वाटायची. शिकलेलं होतं ना ते.”

खाली उतरता उतरता वस्तादनं, एखाद्या मोटारीची चौकशी करावी तसं, सहज विचारलं, “सर, बहिणीच्या खुर्चीत तुम्ही बसलाच असाल की. काय म्हणणं होतं तिचं?”

हजारो माणसांना भावानं त्या खुर्चीत बसवलं होतं. स्वतः बसायचं कधी त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. मिठाईवाला आपली मिठाई खात नाही, इतकंच ते साधं होतं.

“बसा ना सर, बसा,” मॅडम टाळ्या वाजवत म्हणाल्या. तो बसला.

“मला... मला भावाचा मत्सर वाटत होता,” त्यानं सुरुवात केली.

“सर, हे तुमचं झालं,” वस्ताद खालून म्हणाला. “तिचं सांगा.”

लोक हसले. भावानं डोळे मिटले.

“मी दारात उभी आहे. हा बॅग घेऊन निघाला होता. आता...” तो अडखळला. “आता परत आत आलाय. बॅग उघडतोय. म्हणतो, मी नाही जात...”

हे त्याच्या गोष्टीत कधीच नव्हतं. सांगून सांगून गोष्ट इतकी गुळगुळीत झाली होती की उघडलेली बॅग तिच्यावरून केव्हाच घरंगळून गेली होती, आणि त्याचं त्यालाही कळलं नव्हतं.

“माझं लग्न मोडलंय, ते याला सांगितलेलं नाही. याच्याशी गोड बोलून चालायचं नाही. गोड बोलले, तर हा राहील.”

त्यानं डोळे उघडले आणि थेट शेवटच्या रांगेकडं पाहिलं. ओळख दाखवायची नाही असं ठरलं होतं, म्हणून ताई पंख्याकडं पाहत राहिली... पण पंखा तिला नीट दिसत नव्हता.

जेवणाच्या सुट्टीत त्यानं तिला जिन्यात गाठलं.

“तू ते मुद्दाम बोललीस.”

“अर्धं मुद्दाम.”

“आणि अर्धं?”

“अर्धा राग होता. आदल्या दिवशी मी नुसतं ‘जा’ म्हटलं आणि तू खरंच बॅग भरलीस. मला वाटलं होतं, थोडं तरी भांडशील.”

“मी तुला गावभर बदनाम करत राहिलो, आणि तू चकार शब्द काढला नाहीस?”

“तुझं पोट त्याच्यावर चाललं होतं. अप्पा गेल्यावर माझ्याकडं तुला देण्यासारखं दुसरं होतं काय?”

तो जिन्याच्या कठड्याला धरून हुंदके देत रडला, अगदी लहानपणी रडायचा तसा, नाकानं. मग तोंड पुसून म्हणाला, “मी आत्ता जाऊन सगळं सांगतो. सगळ्यांना. तुला मंचावर बोलावतो, ताई.” आणि त्याच्या पाणावलेल्या डोळ्यांत नवी गोष्ट आकार घेताना तिला स्पष्ट दिसली, तो कुठं थांबेल, कुठं पाणी पिईल, तेसुद्धा.

“नको. एवढं एक माझं राहू दे. ते नको विकूस.”

“मी काही विक...” तो म्हणाला.

दुपारी मॅडमनी माइक हातात घेतला. सकाळचा तो क्षण अंगावर काटा आणणारा होता, पुढं काय झालं ते आता सर सांगतील, असं त्या म्हणाल्या. साहेब लोक पहिल्या रांगेत सरसावून बसले होते. नुसतं तोंड उघडलं असतं तरी करार खिशात होता. ताईचा जीव टांगणीला लागला. त्याला न सांगता राहवलेलं तिनं आजवर पाहिलं नव्हतं...

भावानं माइक घेतला. पेल्याकडं हात नेला आणि मागं घेतला.

“ते घरचं आहे,” तो म्हणाला. “पुढचा विषय घेऊ. वेळेचं नियोजन.”

संध्याकाळपर्यंत तो वेळेच्या नियोजनावर बोलला, आणि कुणाचाही वेळ जाता जाईना. ताईच्या घरी पोचेपर्यंत मॅडमचा निरोप आला होता: करार, माणसांना फुटक्या काचांवरून अनवाणी चालवून धीट करणाऱ्या एका गृहस्थांना दिला आहे.

“गेलं,” त्यानं सांगितलं.

दिवसभर परक्या माणसांना धीर देणाऱ्या त्या बाईला सख्ख्या भावासाठी एक शब्द सापडला नाही. तिनं जेवण वाढलं.

हात धुऊन आल्यावर त्यानं विचारलं, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच विचारलं, “अप्पांना तू एकटीनं कुशीवर कसं वळवायचीस?”

“एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली. त्यांनी श्वास सोडला की ढकलायचं.”

तो कोचावर उताणा आडवा झाला. “दाखव.”

“वेडा आहेस का? तू केवढा झालायस.”

“दाखव ना, ताई.”

तिनं एक हात त्याच्या खांद्याखाली घातला, एक कमरेखाली. त्यानं श्वास सोडला. तिनं जोर लावला. यशानं भरलेलं ते अंग तसूभर हललं नाही, आणि तिच्या कमरेतून बारीक कळ गेली. तिनं दात आवळून पुन्हा जोर लावला. तेव्हा तो हळूहळू, हातपाय निर्जीव सोडून, जणू तिच्याच जोरानं, भिंतीकडं वळला.

“येतं की अजून तुला,” तो भिंतीला म्हणाला.

“हो,” ती म्हणाली, आणि त्याच्या पाठीवरचा हात तिनं बराच वेळ काढला नाही.