रेषेजवळचा खड्डा

हरणांच्या मोजणीतल्या तिच्या जोडीदाराला ताप भरला म्हणून ऐन वेळी ऑफिसातल्या नकाशेवाल्याला पाठवलं, एवढंच निमित्त. धुक्यात तो उभा होता – गळ्यात मफलर, बुटांच्या नाड्या सुटलेल्या, आणि चेहऱ्यावरचं हसू असं, की स्वारी सहलीलाच निघालीय.

“नियम साधा आहे,” ती म्हणाली. “सरळ रेषेत चालायचं. हरीण दिसलं की थांबायचं, रेषेपासून ते किती लांब आहे ते तुम्ही मोजायचं, मी लिहिणार. आणि बोलायचं नाही.”

“अजिबात?”

“अजिबात!”

“मग न दिसलेल्या हरणांचं काय?”

प्रश्न नेमका तिच्या आवडीचा निघाला, आणि तिथेच घात झाला. ती कुजबुजू लागली – रेषेवरचं हरीण सहसा नजरेतून सुटत नाही, लांबची सुटतात. अंतर वाढेल तसं दिसणं किती कमी होतं ते कळलं, की न दिसलेल्यांचाही अंदाज बांधता येतो.

“न दिसलेल्यांची एवढी काळजी! आम्ही तर समोर उभे आहोत... आमचाही जरा विचार व्हावा.”

“तुम्ही हरीण नाही.”

“नशीब माझं फुटकं!”

तिला हसू आवरेना. आठ दिवस असेच गेले. दवानं भिजलेलं गवत, झाडांतून गाळून आलेलं ऊन, वही देता-घेता बोटांना लागलेली बोटं... तिला चक्क पहाटेचा गजर आवडू लागला.

नवव्या दिवशी ती आकडे घेऊन बसली आणि किती अंतरावर किती हरणं दिसली याचा आलेख तिनं काढला. आलेख रेषेजवळ सगळ्यांत उंच हवा, मग हळूहळू उतरता. यांच्या आलेखात रेषेजवळच खड्डा! पहिल्या वीस मीटरांत जेमतेम दोन हरणं, पन्नासावर झुंबड. बाकीच्या जोड्यांचे आलेख शहाण्यासारखे उतरत होते. हरणांनी यांची कुजबुज ऐकली होती, आणि यांना दिसण्याआधीच ती लांब सरकली होती.

सांगितलं तर जोडी मोडणार. नाही सांगितलं तर रानातली हरणं कागदावर कमी भरणार. मन म्हणे, राहू दे, कुणाला कळतंय? पण तिला तो आकडा पचला नसता. ती उठली.

मोजणीच्या प्रमुख मॅडमच्या खोलीत नकाशेवाला आधीच हजर! नकाशावर ठिपके टाकताना त्यालाही रेषेच्या दोन्ही बाजूंना कोरा पट्टा दिसला होता.

“बडबड माझी होती, मॅडम,” तो सांगत होता. “यांना बोल लावू नका. यांच्या जोडीला दुसरं कुणीतरी द्या.”

“निम्मी माझी होती,” ती दारातूनच म्हणाली.

मॅडमनी चष्म्यावरून दोघांना न्याहाळलं. “आठही दिवसांचं काम पुन्हा करायचं. जोडीदार बदलून. निघा.”

व्हरांड्यात येताच ती त्याच्याकडे वळली. “दुसरं कुणीतरी द्या, म्हणे! इतका कंटाळा आला माझा?”

“कंटाळा?” तो गडबडला. “अगं... तुझ्याशेजारी मला गप्प राहता येत नाही. माझ्यापायी तुझं काम बुडायला नको. पण संध्याकाळी, काम आटोपल्यावर... नदीकडे चालायला येशील? तिथे मोजायचं काही नाही.”

“आवडतोस तू मला!” ती एकदम बोलून गेली.

“इथपर्यंत ऐकू येतंय!” आतून मॅडमचा आवाज आला.

ती लाजेनं लाल झाली. त्यानं तिचा हात हातात घेतला, आणि त्या बडबड्याला पहिल्यांदाच एक शब्दही सुचला नाही.